एकोणीस डिग्रीवरची अंजिरं

१३ मार्च, रविवार
झाडं आली एकदाची. तीन. युरोपातल्या कुठल्याशा नर्सरीतून बोटीने. एक पान नाही, फांद्या दोरीने आवळलेल्या. गेटवरचा गार्ड म्हणाला, "मॅडम, ये तो मर गया." म्हटलं, झोपलंय, मेलेलं नाही. त्याला काही ते पटलं नाही.

आखातातल्या या नव्या शहरातलं, लुसैलचं, हे नवं हॉटेल, तीन मजले उंच लॉबी, चहूकडे काच. मालकांच्या लहानपणी उत्तरेला शमाल गावच्या घरात अंगणात अंजिराचं झाड होतं म्हणे. म्हणून लॉबीत अंजीर हवं. नुसतं नको, फळासकट हवं. नोव्हेंबरातल्या फुटबॉल वर्ल्ड कपचे पाहुणे यायच्या आत. आणि लॉबीचं तापमान एकोणीस डिग्री. पी.एम.ला, म्हणजे आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरला, म्हटलं, सर, अंजिराला ऊब लागते. निदान चोवीस करा. तर म्हणे, "ओनर लाइक्स कोल्ड." बाहेर ढीगभर ऊन पडलंय आणि मी अंजीर लावायचं ते फ्रीजमध्ये.

२४ मार्च, गुरुवार
डिझायनरबाईंचा मेल. अंजिरात माशी असते असं त्यांनी वाचलंय, गेस्टच्या हेल्थचं काय? लिहिलं की या जातीला माशी लागत नाही, आपोआप फळ धरतं. उत्तर आलं, "आर यू शुअर?" एम.एस्सी. हॉर्टिकल्चर, पुणे. शुअर आहे बाई.

आप्पांना व्हिडिओ कॉल. सासऱ्यांचा जन्म गेला सासवडकडे अंजिराच्या बागेत. फोन असा धरतात की मला फक्त कपाळ दिसतं. कपाळ म्हणालं, "सूनबाई, वर्ल्ड कपला आपलं अंजीर? आरं वा!" आपलं कुठलं, आप्पा. पण तोवर ते सांगत सुटले असणार गावभर.

१० एप्रिल, रविवार
पालवी फुटली, पण फिकी. उजेड कमी, गारठा जास्त. तिन्ही पेट्या पश्चिमेच्या काचेशी न्या म्हटलं, तिथे दुपारचं ऊन येतं. डिझायनर म्हणे सिमेट्री जाईल. झाडं बरोब्बर मधोमध, एसीच्या झोताखाली. फक्त तीन नंबरचं सुटलं, कारण त्याच्या जागी झुंबरवाल्यांनी परांची बांधलीय. ते "टेम्पररी" परांचीला खेटून काचेला लावून ठेवलंय. परांची हलली की तेही मध्ये येणार. झुंबरवाल्यांनो, सावकाश करा रे.

१९ मे, गुरुवार
नवऱ्याचं, सं.चं, काम संपलं. रस्ता झाला, पूल झाला, हँडओव्हर झाला, माणसांच्या नोकऱ्या खलास. केक कापला म्हणे साइटवर. घरी येऊन बूट काढत म्हणाला, "चला, आता मी मोकळा." मला हसूच येईना.

सई दहावीत आहे. मार्चमध्ये बोर्ड. मध्येच उचलून पुण्याला कुठल्या शाळेत घालणार? तोवर इथे राहायचं तर आता माझ्या नोकरीवर. पी.एम.शी बोलले. म्हणे, उद्घाटनाला झाडावर फिग्ज असतील तर मेंटेनन्सचं काम आपल्या कंपनीकडे, म्हणजे तुम्ही आहातच. "अदरवाइज, वी विल सी." या वी विल सीचा अर्थ इथे पोराटोरांनाही कळतो.

म्हणजे माझ्या लेकीचं बोर्ड तीन अंजिरांना टांगलंय. सईला सांगितलं तर म्हणते, "आई, इट्स जस्ट फ्रूट."

१४ जून, मंगळवार
एक आणि दोन नंबरची पानं गळली. ढीगच्या ढीग, पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवर. पी.एम. फोटो काढतोय, जणू मीच ओरबाडली. बाहेर पंचेचाळीस, आत झाडांना वाटलं थंडी पडली. त्यांचं तरी काय चुकलं?

आप्पांना सांगितलं तर ते खूश! "बेस झालं. त्याला ताण बसला. आता पाणी तोड थोडं, आन् घे छाटून. जूनला छाटलं की दिवाळीच्या पुढं-मागं फळ. खट्टा बहार म्हणत्यात त्याला. मी काय सांगतो ते ऐक." हिशेब चोख बसतोय. छाटलेल्या फांद्यांवर नवी फूट, नव्या फुटीवर फळ, नोव्हेंबर. तिकडे सगळी बाग अशीच धरतात. लग्नाच्या वर्षी मीही छाटणीला उभी होते.

छाटली दोन्ही. चीक लागून मनगटापर्यंत खाज. तीन नंबरशेजारी परांची, शिडीला जागाच नाही, तिथे कात्री पोचेना. आप्पा चिडले. "एक ठेवलंस व्हय तसंच? वाया जाईल ते."

३ जुलै, रविवार
आज डोकं आपटून घ्यावंसं वाटतंय.

यूट्यूबवर एक माणूस सापडला. लोकरी टोपी, लाल नाक, मागे गुडघाभर बर्फ, आणि त्या बर्फात अंजीर लावतो! झाडाला गोणपाट गुंडाळतो, बुंध्याशी पाचोळा घालतो, भिंतीच्या उबेला लावतो. आमच्या लॉबीला लागू पडेल असा जगात हा एकच माणूस दिसतोय. तर हा टोपीवाला म्हणतो, थंड हवेत जुनी काडी अजिबात छाटू नका. पहिलं फळ गेल्या वर्षीच्या काडीवर येतं आणि पिकतं तेवढंच. नव्या फुटीवरचं फळ धरेल, पण गारठ्यात ते पिकायला वेळच पुरत नाही.

आणि मी दोन झाडांच्या जुन्या काड्या काढून कचऱ्याच्या गाडीत घातल्यात.

सासवडला हेच बरोबर आहे. तिकडे ऊन आहे. मी सासवडला नाही, मी बर्फात आहे, हे लुसैलमध्ये बसून मला सुचायला नको होतं? सं. म्हणाला, "आधी बघायचास ना व्हिडिओ." घरी बसल्यापासून याला सगळ्यातलं सगळं कळतं. परवा मसाल्याचे डबे इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावले. मोहरी शोधायला मला चष्मा लागतो.

१७ ऑगस्ट, बुधवार
झुंबर परत फॅक्टरीत. कुठलासा रंग चुकला. परांची आहे तिथेच, तीन नंबर काचेला. देव पावला.

परत एकदा तापमानाचं बोलून पाहिलं. दोनच डिग्री वाढवा हो. एसीचा इंजिनीअर म्हणाला मी वाढवतो, पी.एम.ची सही आणा. पी.एम. म्हणाला मी करतो सही, ओनरच्या ऑफिसला विचारा. ऑफिसातला म्हणाला ओनरला असलं कोण विचारणार? घरी सं.ने एसी सव्वीसवर आणलाय, सई पुस्तकाने वारा घेत अभ्यास करते. उलट असायला हवं होतं सगळं.

११ सप्टेंबर, रविवार
एक व दोन नंबर: नवी फूट, त्यावर वाटाण्याएवढी फळं. तशीच आहेत. दगड.
तीन नंबर: जुन्या काड्यांवर सहा फळं! लिंबापेक्षा थोडी लहान. ज्याला कात्री पोचली नाही तेच.

आनंद झाला. पण दुपारपर्यंत तो पुसायची सोय झाली. जो येतो तो दाबून बघतो. पी.एम.ने दाबलं, इलेक्ट्रिशियनने दाबलं, डिझायनरबाईंनी दोन बोटांत धरून फिरवलं आणि एक हातात आलं. "ऊप्स." पाच राहिली. हात लावू नये अशी पाटी केली, चार भाषांत. पाटी वाचून झाली की दाबतात.

२९ सप्टेंबर, गुरुवार
आप्पांचा फोन. पारावर रोज विचारतात म्हणे, वर्ल्ड कपच्या अंजिराचं काय झालं. मग मला, "दोन झाडं छाटलेली, त्यावर तर लगडली असतील?"

इतके दिवस टाळलं. आज सांगितलं. की छाटली ती पिकणार नाहीत, न छाटलेल्यावरच आशा आहे. मग फोन खाली गेला, छत दिसायला लागलं. तिथूनच आवाज आला, "म्हंजे माझं ऐकून घात झाला व्हय तुझा."
नाही हो आप्पा, असं नाही. पण होतं तसंच, आणि त्यांना ते कळलं. फार वाईट वाटलं. ज्यांनी जन्मभर अंजीर पिकवलं त्यांना मी आज फोनवर नापास केलं.

१ ऑक्टोबर, शनिवार
सकाळीच आप्पा. या वेळी अख्खा चेहरा दिसला, कोणीतरी फोन धरला होता. "तो बर्फवाला काय म्हणतो, ते नीट सांग मला."
टोपीवाल्याचे व्हिडिओ मी मराठीत सांगितले, तासभर. शेंडा खुडायचा. पाणी बेताचं. फळ अडून बसलं तर त्याच्या बुडाच्या भोकाला, म्हणजे डोळ्याला, तेलाचं बोट. गोणपाटाचं ऐकून म्हणाले, "झाडाला स्वेटर? बरं बाबा." सगळं ऐकून घेतलं. एकदाही "आमच्याकडं" म्हणाले नाहीत. त्यानेच मला रडू आलं.

१३ ऑक्टोबर, गुरुवार
आज कहर.
सकाळी जाते तर एक आणि दोन नंबर फळांनी लगडलेले. जांभळी, टपोरी, एकसारखी. प्लास्टिक! इंटिरियरवाल्यांनी तारेने बांधलीत. तीन नंबरवरसुद्धा, माझ्या खऱ्या पाचांच्या मधोमध. पी.एम. खूश. "नाउ इट लुक्स लाइक फिग." खरी हिरवी, खडबडीत, एकाला डिझायनरबाईंच्या नखाचा व्रण. कोणीही म्हणेल हीच खोटी.

काढा म्हटलं. म्हणे, रिकामी झाडं ओनरना दाखवू का? यल्ला, चला मॅडम, लीव्ह इट.

२५ ऑक्टोबर, मंगळवार
काल लक्ष्मीपूजन. फराळ सं.ने केला, चकल्या चांगल्या झाल्या हे कबूल करायला हवं. सईची प्री-बोर्डची तारीख आली. तिला विचारलं, जावं लागलं तर? पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "आय नो, आई. सो, एनी चेंज?"
म्हणजे तिलाही रोज अंजिराचंच विचारायचं असतं तर.

पाचापैकी दोन गळली. उरलेल्या तिन्हींच्या डोळ्याला ऑलिव्ह तेल लावलं, कानकोरण्याच्या कापसाने. गार्ड लांबून बघत होता. त्याच्या मते आता मॅडमचंही काही खरं नाही.

७ नोव्हेंबर, सोमवार
मालक आले. न सांगता, काठी टेकत, बरोबर एक पुतण्या. मी तेव्हा परांचीखाली गुडघ्यावर, हाताला माती.

सरळ दोन नंबरकडे गेले. हात वर केला, एक टपोरं जांभळं धरलं आणि खुडलं. फळ आलं, मागून वीतभर तार आली, तारेबरोबर आणखी दोन. पी.एम.चा चेहरा ग्रॅनाइटसारखा. म्हाताऱ्याने ते प्लास्टिक वास घेऊन पाहिलं, पुतण्याच्या हातात दिलं आणि विचारलं, कोण बघतं झाडं?

मी उठले. मालक माझ्याशी हिंदीत बोलले. लहानपणी वडिलांबरोबर मुंबईला येत असत म्हणे, हिंदी तिथली. "सच्चा एक भी नहीं?"
है, म्हटलं. तीन नंबरची फांदी वाकवली, पानामागची तीन दाखवली. त्यांनी दाबलं नाही! माझ्या डोळ्यांदेखत असा हा पहिला माणूस. फक्त खालून तळहात लावला, पारखायला लावतात तसा. "पका नहीं."
म्हटलं, पकेगा. लेकिन यहाँ बहोत ठंड है.
तेव्हा त्यांनी डोक्यावरचा रुमाल, तो गुत्रा, गळ्याभोवती ओढून घेतला आणि पी.एम.कडे वळून म्हणाले, "हाँ, मैं भी मर रहा हूँ ठंड से. इतना ठंडा किसने किया?"

पी.एम.ने इंजिनीअरकडे बघितलं, इंजिनीअरने ऑफिसातल्याकडे. आठ महिने! आठ महिने मी एकेकाच्या दारात उभी होते, आणि म्हाताऱ्याला थंडी आवडते हे म्हातारा सोडून सगळ्यांना माहीत होतं.

जाताना म्हणाले, गुरुवारी आईला घेऊन येतो. ती नव्वदीची आहे, तिला तोडू दे. इन्शाल्ला. कोणाकडेच गॅरंटी मागितली नाही. ती पी.एम.ने मागितली, ते गेल्यावर. "थर्सडे विल बी राइप, येस?" मग माझ्या कामाचं काय, मी विचारलं. "थर्सडे नंतर बोलू."

९ नोव्हेंबर, बुधवार
लॉबी चोवीसवर. लोक कोट काढून फिरतायत. प्लास्टिक मीच उतरवलं, एक पोतं झालं. एक आणि दोन नंबर उघडेबोडके, पण नीट श्वास घेतायत असं वाटलं. पी.एम. बघून गेला.

तीनपैकी दोन अजून घट्ट. नखाचा व्रण असलेलं मात्र सकाळपासून मान टाकून लोंबतंय, रंग उतरलाय. पिकायला आलं की अशीच मान टाकतं. गळायला आलं तरी अशीच टाकतं.

आप्पांना दाखवलं, फोन फळाच्या अगदी जवळ नेऊन. खूप वेळ बघत होते. मला वाटलं सांगतील, पिकतंय का गळतंय. आयुष्य गेलंय त्यांचं ह्याच्यात.
म्हणाले, "हितनं नाही कळायचं पोरी. दाबलं तर कळंल."
मग लगेच, "पण दाबू नगंस."

हात तिथवर नेला होता. मागे घेतला.