कागदाखालचं नाव

अ‍ॅथर्टन, लँकशायर
४ मार्च १९८५

चि. डोरीन हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो पोचले. मेहुणेबुवा लमारचं पोट पाहून तुझी वहिनी हिल्डा म्हणाली, टोलीडोला जाऊन डोरीनच्या हाताला चव आली म्हणायची. इथे खाणीचा संप कालच मिटला. वर्षभर पोटाला चिमटा घेतलेली माणसं उद्या बँडमागून कामावर परत जाणार. बसडेपोत माझं ठीक चाललं आहे.

पण काल हॉलमध्ये मला अक्षरशः मळमळलं. खाणकामगारांच्या हॉलमध्ये आमचा काळ्या अमेरिकन गायकांच्या जुन्या सोल गाण्यांवर नाचायचा महिन्याचा मेळा होता, दुपारी बारा ते संध्याकाळी आठ. बॅरी टॅटर्सलने (शाळेत तुझ्या वेण्या ओढायचा तोच) चाळीस मिनिटं नव्या, संथ ठेक्याच्या फंक गाण्यांच्या तबकड्या लावल्या. त्यावर नाचायचं म्हणजे चिखलातून बूट ओढत चालायचं. मी तसं म्हणालो, तर तो म्हणतो, तुझे कान सहासष्ट सालीच बंद पडले. वर त्याने एक बनावट तबकडी लावली. दुर्मिळ गाण्यांच्या चोरून नकला काढून विकणाऱ्या लोकांचा मला जितका वीट आहे, तितकीच त्या विकत घेणाऱ्यांची किळस आहे. अशा तबकडीचं आम्ही काय करतो ते तुला ठाऊक आहे. सगळ्यांसमोर मोडायची आणि तुकडा दारातल्या फळ्यावर खिळ्याने ठोकायचा. खोट्यांच्या फळ्यावर आता सव्वीस झाल्या, त्यांतल्या एकवीस मी पकडलेल्या. अस्सल तबकडीच्या आतल्या कडेला, जिथे गाणं संपून सुई नुसती फिरते, तिथे यंत्राचा ठसा असतो. खोटीवर कुणीतरी खिळ्याने आकडे ओरबाडलेले असतात. मला ते बिनचष्म्याचं दिसतं.

अर्नेस्टीनच्या तबकडीबद्दल तू तिसऱ्यांदा लिहिलंस. तुझी थोरली नणंद भली बाई असेल, पण अमेरिकेत ज्याला त्याला गाणारी एक आत्या असतेच. नातलगांनी पाठवलेलं मी वाजवत नाही. लोक म्हणतील, बहिणीचा वशिला. शिवाय अर्नेस्टीन पेटवे हे नाव मी एकाही यादीत पाहिलेलं नाही, आणि मी पाहिलं नाही म्हणजे त्यात पाहण्यासारखं काही नसणार.

लमारला नमस्कार सांग. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा,
विल्फ

टोलीडो, ओहायो
१८ मार्च १९८५

ती. विल्फ यांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि अर्ध्यात उठून हात धुऊन आले, इतकी त्यातल्या तोऱ्याची शिसारी आली. नाकाने कांदे सोलायची तुझी सवय जुनीच आहे, पण आता तू सालंसुद्धा लोकांच्या अंगावर टाकतोस.

खोटेपणाची तुला इतकी चीड, मग तुझ्या त्या कागदाचं काय? एका गाण्याच्या लेबलावर कागद चिकटवून, भलतंच नाव लिहून तू तीन वर्षं वाजवलंस, कारण खरं नाव कळलं तर बॅरीही ती तबकडी शोधून काढेल. हॉलभर लोक नाचले आणि गाणारा बिचारा कुठे ट्रक हाकत होता, त्याला पत्ता नाही. मला विचारशील तर चोरी हीच.

अर्नेस्टीनचं गाणं सहासष्ट सालचं. तीनशे तबकड्या निघाल्या, त्या काढणाऱ्याच्या तळघरात पाणी शिरून सडल्या. एक उरली, ती तिने आपल्या आईला दिलेली. आई गेल्यावर तिच्याकडे परत आली. गाणं निघालं त्या सालापासून एकोणीस वर्षं ती शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचं जेवण रांधते आहे, आणि ८ जूनला निवृत्त होते. परमुलखात कुणीतरी आपल्या गाण्यावर नाचलं, एवढंच तिला एकदा ऐकायचं आहे. तुझ्या हातून तेवढं होणार नसेल तर राहू दे. मी पुन्हा शब्द टाकणार नाही.

हिल्डाला सांग, इथे आपल्याकडची सारण भरलेली पाई धड मिळत नाही, मटणाची तर नाहीच. बाकी तुझ्यासकट सगळ्यांची आठवण येते.

तुझी,
डोरीन

अ‍ॅथर्टन
२२ एप्रिल १९८५

चि. डोरीन हीस,
अनेक आशीर्वाद.

तू विषय सोडलास ते बरं झालं. सुज्ञ आहेस. आता कालचा पराक्रम ऐक.

बॅरी सकाळपासून मांजरासारखा मिशीत हसत होता. पाच वाजता त्याने लेबलावर पांढरा कागद लावलेली एक तबकडी काढली. कागदावर 'द लेडी फ्रॉम नोव्हेअर' असलं काहीतरी लिहिलेलं. ते वाचूनच मला किळस आली. मग गाणं सुरू झालं. खोटं कशाला बोलू, दहा वर्षांत असा आवाज मी ऐकलेला नाही. बाई गात नव्हती, कुणाला तरी दारातून परत बोलावत होती. नाचताना पाय घसरावेत म्हणून लोकांनी जमिनीवर पावडर टाकली आणि चहाचे कप तसेच टाकून सगळे आत धावले. मध्ये एका जागी ढोल, बाजा, सगळं थांबतं. तिथे अख्ख्या हॉलने कुणी न सांगता एकदम दोन टाळ्या दिल्या. माझेही हात उठले. बॅरीच्या तबकडीसाठी उठले याचीच मला जास्त शिसारी आली.

गाणं संपताच मी सरळ व्यासपीठावर गेलो. सुई उचलली, तबकडी दिव्याखाली धरली. आतल्या कडेला यंत्राचा ठसा नाही. खिळ्याने ओरबाडलेले आकडे, आणि शेजारी कसलंसं वेडंवाकडं चित्र, माशासारखं. खोट्यांची हिंमत बघ, आता चित्रंही काढतात. बॅरी माझ्या कानाशी काहीतरी सांगत होता, पण मायक्रोफोन माझ्या हातात होता. मी लोकांना विचारलं की इतकं चांगलं गाणं चोरून विकणाऱ्याचं काय करायचं, आणि गुडघ्यावर तबकडी मोडली. वाळलेल्या पावासारखी मोडली. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू. दोन्ही तुकडे फळ्यावर ठोकले. सत्तावीस. बॅरी आपली पेटी उचलून निघून गेला.

ते गाणं मूळ कुणाचं, हे मात्र शोधायला हवं. रात्रभर डोक्यातून जाईना. लमारला विचारून बघ, त्या बाजूचं असेल.

तुम्हा सगळ्यांवर आहे ती माया आहेच.

तुझा,
विल्फ

टोलीडो
१५ एप्रिल १९८५

ती. विल्फ यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र हाती पडेल तोवर रविवार उलटून गेला असेल, आणि बॅरीने तुला सांगितलंही असेल. तरी माझ्याकडून ऐक, कारण खोडी माझी आहे.

तू नाव बघून ऐकतोस, म्हणून मी नावच झाकलं. तुझीच युक्ती, तुझ्यावरच. अर्नेस्टीनच्या तबकडीवर कागद लावला, मनाला येईल ते नाव लिहिलं आणि दोन फळ्यांत बांधून ती बॅरीकडे पाठवली. त्याला बजावलं की आधी विल्फला ऐकू दे, गाणं संपलं की मग सांग. आता खरं सांग, हात उठले की नाही? माझ्या नणंदेच्या गाण्याला जागा आहे की नाही तुझ्या हॉलमध्ये?

कागद मी नुसत्या कणकेच्या खळीने लावला आहे, वाफेवर धरलास की निघेल. खाली नाव आहे, आणि कोपऱ्यात तिने आईसाठी लिहिलेल्या एका शब्दाची शाई. आतल्या कडेला एक मासा दिसेल. त्या तबकड्या छापणारा म्हातारा नदीवर गळ टाकून बसायचा, आणि प्रत्येक साच्यावर खिळ्याने आकडे घालून शेजारी मासा काढायचा. तो एकटाच होता, त्याच्याकडे ठसा मारायचं यंत्र कुठलं.

लोक नाचले का, किती नाचले, सगळं सविस्तर लिही. मला ८ जूनला ते सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं आहे. आणि तबकडी रजिस्टर्ड टपालाने त्याआधी परत पाठव. ती तिने मोठ्या मुश्किलीने माझ्या हातात दिली. मी तिला म्हटलं, विल्फ फार बढाईखोर आहे, पण तबकडीला तो जिवापलीकडे जपतो.

जिंकले म्हणून चिडवते आहे. चिडवणारी बहीण आहे हे तुझं नशीब समज.

तुझी,
डोरीन

अ‍ॅथर्टन
१ मे १९८५

डोरीन,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

तुझं पत्र मागच्या आठवड्यात मंगळवारी आलं, माझं टपालात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी. आता माझं तुला पोचलं असेल. मी हॉलवर गेलो, किल्लीवाल्याला उठवलं आणि फळ्यावरून दोन्ही तुकडे काढून घरी आणले. किटलीच्या वाफेवर कागद निघाला. एका तुकड्यावर 'अर्नेस्टीन पेटवे' आहे. दुसऱ्यावर निळ्या शाईत 'आईला'. चीर बरोबर मधून गेली आहे. हिल्डा शेजारी उभी होती. तिने किटली उतरवली आणि तुकड्यांखाली स्वच्छ फडकं पसरलं. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मग मी माझीच खोकी उपसली. त्यांत टोलीडोला छापलेली एक तबकडी निघाली. दहा वर्षांपूर्वी मोठ्या नावाच्या विक्रेत्याकडून घेतलेली, अस्सल म्हणून मी मिरवलेली. तिच्या आतल्या कडेला खिळ्याने ओरबाडलेले आकडे आहेत. शेजारी मासा आहे. दहा वर्षं तो माझ्या घरात होता आणि मी कधी पाहिला नाही, कारण विक्रेत्याचं नाव मोठं होतं. मला माझीच ओकारी येते.

बॅरीकडे गेलो. तो म्हणाला की ही डोरीनच्या नणंदेची आहे, असं तो माझ्या कानात तीनदा ओरडला होता. मी मायक्रोफोनमध्ये बोलत होतो. त्याने दार लावून घेतलं नाही, चहा दिला.

हॉलमध्ये शेजारच्या बोल्टन गावची एक मुलगी दर वेळी टेपरेकॉर्डर लावून बसते. तिच्या कॅसेटवर ते गाणं पुरं आलं आहे. त्यामागे माझं भाषण, मग मोडल्याचा आवाज, मग टाळ्या. जगात आता तेवढंच उरलं आहे. नक्कल सोबत पाठवतो आहे. भाषण मी पुसून घेतलं, ते अर्नेस्टीनच्या कानांवर पडू नये. मोडल्याचा आवाज आणि टाळ्या पुसायला मात्र हात उचलला नाही. तो पुरावा आहे असं वाटलं. तुला वाटलं तर तू पूस. तिला काय सांगायचं तेही तूच ठरव. माझ्यात धमक नाही.

माया ठेव असं म्हणायचा हक्क उरलेला नाही.

विल्फ

टोलीडो
१० जून १९८५

विल्फ,

महिनाभर तुला लिहिलं नाही, कारण जे आलं असतं ते कागदावर ठेवण्यासारखं नव्हतं. तुझं २२ एप्रिलचं पत्र लमारने वाचलं, घडी घातली आणि अंगणात जाऊन तासभर गवत कापत बसला. गवत परवाच कापलं होतं.

दोष तुझा एकट्याचा नाही. हात दाखवून अवलक्षण मीच केलं. एकुलती एक तबकडी खोडी काढायला समुद्रापार धाडली. पण मी मूर्ख ठरले आणि तू निर्दय, एवढा फरक राहू दे.

शनिवारी चर्चच्या तळघरात अर्नेस्टीनचा निरोप झाला. सगळे विचारायला लागले की इंग्लंडचं काय झालं. मी कॅसेट लावली. काही पुसलं नव्हतं, माझ्याच्यानेही होईना. गाणं संपलं, कट्ट असं वाजलं, मग तुमच्या हॉलच्या त्या टाळ्या. सगळे उभे राहिले. म्हणाले, बघ अर्नेस्टीन, गोरे लोक किती वेळ टाळ्या वाजवत आहेत. ती तोंडावर हात धरून बसली होती. मग म्हणाली, परत लाव. पाच वेळा लावायला लावली. आणि त्या टाळ्या कशासाठी होत्या ते ठाऊक असलेली मी तिथे केक कापत होते. स्वतःची इतकी घाण मला आजवर वाटली नव्हती.

निघताना तिने विचारलं, तबकडी कधी येते? मी म्हटलं, बोटीने येते आहे. ती काही बोलली नाही.

हे खोटं मी वागवणार नाही. तबकडी तू मोडलीस, तूच तिला लिही. माझ्याकडून शब्द उसने घेऊ नकोस. पत्ता मागच्या बाजूला आहे. लिहिलंस तर मी तुझी बहीण आहे. नाही लिहिलंस तर टपालखर्च वाचव.

डोरीन

टोलीडो
९ जुलै १९८५

रा. रा. विल्फ्रेड क्रॉन्शॉ यांस,
स. न. वि. वि.

तुमचं सहा पानी पत्र मिळालं. दोन पानांत मावलं असतं. वाचताना मला तुमची किळस आली. तुम्ही खरं लिहिलंत, म्हणून मीही खरं लिहिते.

तुम्ही लिहिलंत की त्या टाळ्या मोडण्यासाठी होत्या हे मला कळलं नसेल. मिस्टर क्रॉन्शॉ, मी एकोणीस वर्षं शाळेत जेवण वाढलं. कुणाच्या हातून ताट फुटलं की तीनशे पोरं टाळ्या वाजवतात. ती टाळी मी झोपेतही ओळखते. आधी फुटल्याचा आवाज, मग टाळ्या. पहिल्याच वेळी मला कळलं की आईची तबकडी गेली. डोरीन केक कापताना रडत होती, त्यावरून उरलेलं कळलं. ती बोटीचं म्हणाली तेव्हा मी गप्प राहिले, कारण तिला आणखी एक खोटं बोलायला लावायचं नव्हतं.

मी पाच वेळा लावायला सांगितलं ते शेवटासाठी नाही. मधली जागा ऐकायला. जिथे सगळं थांबतं तिथे आम्हाला टाळ्या हव्या होत्या. पण गाणं ध्वनिमुद्रित केलं त्या दिवशी टाळ्या द्यायला माणसं मिळाली नाहीत, स्टुडिओची वेळ संपत आली होती, म्हणून ती जागा तशीच मोकळी सोडली. इतकी वर्षं ते गाणं आठवलं की तिथे मला भोक दिसायचं. तुमच्याकडच्या लोकांना कुणी काही सांगितलं नव्हतं. तरी त्यांनी बरोबर तिथेच दोन टाळ्या दिल्या. तुम्ही लिहिता की त्यांत तुमचेही हात होते. ते मी मानते.

माफीचं म्हणाल तर तबकडी आईची होती आणि आई नाही. तेव्हा तो विषय तुम्हाला तसाच वागवावा लागेल. 'आईला' लिहिलेला तुकडा मला पाठवा, तो तिच्या फोटोमागे ठेवायचा आहे. माझ्या नावाचा तुकडा तुमच्या त्याच फळ्यावर परत ठोका, पण कागदाशिवाय, आणि कुणी मोडला तेही खाली लिहा. तुमच्या हाताने लिहा, यंत्राने नको.

हिल्डाबाईंना नमस्कार. तुमच्याकडे लोभ मागत नाही. त्या दोन टाळ्या तेवढ्या माझ्या म्हणून ठेवून घेते.

आपली,
अर्नेस्टीन पेटवे