कुंदाला शिकवलेले शब्द

५ नोव्हेंबर १९८८, उंबरखडी

पोचले एकदाची! नैरोबी, मुंबई, धुळे, साक्री आणि शेवटी टपावर कोंबड्यांच्या टोपल्या बांधलेली जीप. साक्रीच्या स्टँडवर संस्थेचे चुडामण आबा हार घेऊन उभे होते. हार घालताना त्यांचीच टोपी खाली पडली आणि सगळ्यांच्या आधी तेच हसले. वर्षभर विनामूल्य इंग्रजी शिकवायला परदेशातून कोणी या डोंगरात येईल, यावर त्यांचा अजून विश्वास बसत नाही.

उतरले आहे भिकुबाईंकडे. सारवलेला ओटा, मागे शेवग्याचं झाड, समोर नुसते डोंगर. मुलगा सुरतेला कामाला. घरात सून कुंदा, माझ्याच वयाची, आणि भिकुबाईंची मुलगी इंदिरा. ती मुकी आहे. जेवायला नागलीची भाकरी होती, चव आमच्या नैरोबीच्या मक्याच्या उगालीच्या जवळची. दोन खाल्ल्या.

आईची अट आहे, रोजनिशी मराठीत लिहायची. माझी शाळा इंग्रजी, विचार इंग्रजी, त्यामुळे पेन अडखळतं. पण लिहीन. फार आनंदात आहे.

९ नोव्हेंबर

पहिला वर्ग. मुलं गुणी आहेत, ओरडून ओरडून म्हणतात. त्यांच्या घरी वीज नाही, पुस्तक नाही, अर्ध्यांच्या पायात काही नाही, आणि तरी सकाळभरात त्यांनी सगळे प्राणी पाठ केले.

गंमत म्हणजे कुंदा. पाण्याला जाताना वर्गाच्या दारात थांबली आणि मुलांच्या आधी तिलाच सगळं आलं. घरी आल्यावर चूल, सूप, उंबरठा, एकेक वस्तू दाखवून तिचं इंग्रजी नाव विचारत बसली. मी सांगते तेव्हा ती वस्तूकडे बघत नाही. माझ्या ओठांकडे बघते. अशी विद्यार्थिनी मिळायला भाग्य लागतं.

२८ नोव्हेंबर

आज जरा मन खट्टू झालं. आबा वर्ग बघायला आले होते. मी मुलांना घराचे भाग शिकवत होते आणि उंबरठ्यावर येऊन अडले. लहानपणापासून येणारा इंग्रजी शब्द, जिभेवर येईना. दारातून कुंदाने सांगितला. अगदी माझ्या उच्चारात. कठीण शब्दाआधी मी घसा साफ करते, तेसुद्धा तिने केलं.

मुलांनी टाळ्या पिटल्या. आबा म्हणाले की मॅडम, तुमचं शिकवणं फळाला आलं. मी हसले. पण ते सारा वेळ तिच्याकडे बघून बोलत होते.

रात्री जेवले नाही. हा हलकेपणा आहे, मला कळतं.

६ डिसेंबर

मुलं आता शंका घेऊन तिच्याकडे जातात. का, म्हणून विचारलं, तर एक पोरगी भाबडेपणाने म्हणाली, “काकी बेस शिकाडस.” कुंदा चांगलं शिकवते म्हणे.

एवढा समुद्र ओलांडून मी आले. काकीने काय ओलांडलं? उंबरठा!

तिला शिकवणं बंद केलंय.  मी मुलांशी बोलते तेव्हा ती समोर येऊन बसते आणि बघत राहते.

११ डिसेंबर

फार मोठी चूक झाली.

सगळ्यांसमोर तिची जिरवायची म्हणून मीच स्पर्धा ठेवली. मी शब्द म्हणायचा, तिने अर्थ सांगायचा. आबा, गावातल्या बायका, सगळी मुलं जमलेली. मी मुद्दाम कठीण शब्द काढले. तिने प्रत्येक शब्द आधी माझ्यासारखा उच्चारला, मग अर्थ सांगितला. मला वाटलं आता हरेल, आता हरेल. मी थांबायला हवं होतं. पण तिच्याकडे बघणारे ते सगळे डोळे मला परत हवे होते.

शेवटी मी तोंड उघडलं आणि आत काही नव्हतं. शेवटचा म्हटलेला शब्दही नव्हता. मुलं वाट बघत होती. कुंदा उठली, माझ्या हातातला खडू घेतला आणि पुढचा धडा सुरू केला.

१२ डिसेंबर

शेजारच्या यशोदाबाई विहिरीवर भेटल्या. इकडेतिकडे बघून म्हणाल्या, “इंदी मुकी नव्हती वं माय. जात्यावर बसनी का बठ्ठं गाव आयके. कुंदी लगीन करी उनी, तिले बोलता ये नई. इंदीनी तिले बोलनं शिकाडं.”

म्हणजे लग्न होऊन आली तेव्हा बोलता येत नव्हतं ते कुंदाला; तिला बोलायला इंदिराने शिकवलं. मी विचारलं, मग भिकुबाई गप्प का? यशोदाबाईंनी पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, भिकुबाईंना सुनेचा आवाज लेकीचा वाटतो. त्यांना वाटतं, लेकच बोलते आहे.

इंदिरा ओट्यावर मिरच्या निवडत होती. मी जवळ बसले. तिने माझ्या तोंडावर आपला हात घट्ट दाबला आणि जीप उभी राहते त्या बाजूला मान हलवली.

१३ डिसेंबर

आबांना मी आजारी वाटते. उद्या धुळ्याला डॉक्टरांना दाखवू, महिनाभर विश्रांती घ्या, वर्ग कुंदा सांभाळेल, असं म्हणाले.

वर्ग कुंदा सांभाळेल.

संध्याकाळची जीप आली. इंदिराची खूण मानून मी पिशवी भरली होती. मुलं तिच्याभोवती गोळा झाली होती, ती कोणाची तरी वेणी घालत होती आणि मी वर्गात शिकवलेलं गाणं म्हणत होती. मी पिशवी उघडली आणि कपडे परत खुंटीला लावले.

जाणार नाही. ते माझं आहे.

मंगळवार

महिन्याचं नाव येत नाही. मुलं ज्यावर लिहितात ते काळं, भिंतीवरचं — तेही गेलं. इंग्रजीतून आलेलं सगळं गेलं. आईने दिलेलं मराठी तेवढं उरलंय. म्हणून हे लिहिता येतंय. जपून बोलते. जवळजवळ बोलतच नाही.

तिने माझा निळा झगा घातलाय. मला मारायची ती हाक मुलं आता तिला मारतात. आबासुद्धा.

बाजाराचा दिवस

ती आता माझ्या आईसारखं मराठी बोलते. खानदेशी राहिलं नाही. मुलांना आमच्या घरासमोरच्या झाडाची गोष्ट सांगत होती, जांभळ्या फुलांचा सडा पडायचा म्हणून. मी तिला कधी सांगितलं नव्हतं. ऐकताना मला ते झाड दिसेना. तिच्या डोळ्यांत बघून कळलं की तिला दिसतंय.

किती जळतं आत. माझ्याच आठवणीचा मला हेवा वाटतो.

दुपार

दादा आला! माझा भाऊ. तिनेच बोलावलं म्हणे, पत्र लिहून, माझ्या नावाने. मी धावले. तोंड उघडलं. हवा आली नुसती.

त्याने माझ्याकडे पाहिलं. क्षणभर कपाळाला आठी पडली. ओळखणार होता, खरंच ओळखणार होता — तेवढ्यात मागून तिने हाक मारली. माझ्या आवाजात. त्याची आठी गेली. तिला जवळ घेतलं. म्हणाला, किती वाळलीस गं, घरी चल.

मग हळूच तिला विचारलं, ही कोण. ती म्हणाली, भिकुबाईंची सून. बिचारी बोलत नाही.

त्याने मला नमस्कार केला.

लगेच

सामान चढवतायत. आबांचे डोळे ओले. मुलं रडतायत, तिच्यासाठी —

मी ओट्यावर. एक नाव आहे. आई मला एकटीला म्हणायची. दादाला माहीत. तिच्यापुढे कधी उच्चारलं नाही, म्हणून उरलं. बोलले तर ती घेईल. नाही बोलले तर तो जाईल —

लिहून दाखवते. कागदावर. दादा वाचेल आणि थांबेल. तो इकडेच येतोय, पाण्याचा तांब्या ठेवायला. लवकर. ते नाव —

मागे कोणी उभं आहे. निळा झगा. वाकून बघतेय. ओठ हलतायत, माझ्या अक्षरांबरोबर —

दादा, मी, मीच तुझी ब