अंगात काही आलं नव्हतं

माघ व. ११, सन १९५८
लग्नाला तीन महिने झाले. लहानपणापासून गर्दी-गोंगाटात माझं जे होतं, ‘ते’ इथे अजून एकदाही झालेलं नाही. निघताना आईने बजावलं होतं, "सासरी कोणाक कळाक देव नको." आता शिवरात्रीला सासूबाई कुणकेश्वरच्या जत्रेला नेणार. नाही म्हणायला कारण सापडेना.

माघ व. १४
झालं. सगळ्यांसमोर. आज लिहवत नाही.

माघ अमावास्या
आता लिहिते. देवळापाशी ढोल, कर्णा, खांद्याला खांदे. आधी आवाज वेगवेगळे ऐकू येईनात, सगळ्यांचा एकच झाला. मग पातळाची किनार मानेला कापायला लागली. मग शब्द गेले. ‘बाहेर चला’ एवढंच म्हणायचं होतं. आत स्पष्ट होतं, तोंडापर्यंत येईना. किंचाळले. मनगट चावलं. उलटी थांबवता येत नाही, तसंच हे.

बायका जमल्या. एकीने कपाळाला कुंकू फासलं. "अवसर इलो हिच्या अंगात. कोण आसस तू? सांग."
अंगात काही आलं नव्हतं. मीच होते, सगळीच्या सगळी. त्यांचा शब्दन् शब्द कळत होता.
सासूबाईंनी तिचा हात बाजूला केला. "देव नाय, भूत नाय. माझी सून आसा ती. वाट सोडा."
मला हात लावला नाही. त्या पुढे, मी मागून. बैलगाडीच्या छपराखाली बसवलं आणि स्वतः बाहेर, पाठ करून बसल्या. कोणी आलं की हातानेच परत पाठवायच्या. किती वेळ, कोण जाणे. रडून संपल्यावर तांब्या आत सरकवला.

फा. शु. २
दोन दिवस नुसती झोप. अंग कुटल्यासारखं.
आज तांदूळ पाखडता पाखडता सासूबाई आपणहून म्हणाल्या, "माझो भाव असोच. गर्दी सोसत नसा तेका. घरचे बांधून घालीत." सूप थांबलं. "तेका कोणी एकटो बसाक देवक नाय."
विचारलं, मला माहेरी धाडणार?
"कित्याक? जेवण कोण करतलो?"
हसू आलं. तीन महिन्यांत आज पोटभर जेवले.

फा. शु. ५
हे महिनाभर समुद्रावर होते; यांचं गलबत आज सकाळी बंदराला लागलं. सासूबाईंना विचारलं, यांना सांगू?
"तुझा तू बघ. मी तोंड उघडूचंय नाय."
हे आंघोळीला गेलेत. आधी जेवू देईन. पहिलं वाक्य तयार आहे. पुढचं त्यांचा चेहरा बघून.