सातव्या गाण्यानंतरचं पान

मी, ओदील फॉव्हेल, वय बहात्तर, राहणार बातिन्योल, पॅरिस, धंदा गायकांना पियानोची साथ करणे, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. नोटरी म्हणतात, स्वहस्ते लिहिलं की साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात. जन्म साथीतच गेला.

१. घर भाड्याचं आहे. ते मालकाला लखलाभ.

२. पियानो आणि पेडलसाठीचे पातळ तळव्यांचे बूट भाची सोलांजला. पियानोची खालची तिसरी पट्टी दमट हवेत अडकते, तिच्यावर चिडू नये.

३. संगीतकार कै. आंसेल्म व्हर्दिए यांची सात गाण्यांची माला. त्यांच्या हातची ही एकच प्रत आहे. मार्च १८९९ मध्ये ब्लांदीन रोशेर ती प्रथम गायली, साथ माझी. सातवं गाणं संपल्यावर एक पूर्ण पान नुसत्या पियानोचं आहे. तालमीत ब्लांदीन शेवटचा शब्द म्हणून शाल उचलायची आणि ट्राम गाठायची. ते पान तिने कधी ऐकलंच नव्हतं, त्यामुळे मैफलीतही तिने शेवटच्या शब्दावरच वाकून नमस्कार केला. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि ते पान राहून गेलं. व्हर्दिए त्याच वर्षी वारले.

त्या पानात पहिल्या गाण्याची चाल डाव्या हातात परत येते, अगदी हळू. गाणारी गप्प झाली की पियानो तिचं गाणं तिलाच परत देतो. चाळीस वर्षं मी ते दर रविवारी एकटी वाजवते आणि दर वेळी थक्क होते, की हे एका माणसाने लिहिलं.

परवा ब्लांदीन जिन्यात भेटली.

"अजून फुगून बसलीयेस? अगं, मला वाटलं संपलं!"

"तुझं संपलं होतं, गाण्याचं नाही."

"मग वाजवायचं होतंस की! तुझे हात कुणी बांधले होते?"

कोणीच नाही. टाळ्या ऐकून मीही हात उचलले आणि उठून नमस्कार केला. हे आज पहिल्यांदाच कबूल करत आहे. मी पुटपुटले, "चुकलं माझं."

"काय? मोठ्याने बोल बाई! डावा कान गेलाय. उजवाही उन्हाळ्यापर्यंतच, म्हणतो डॉक्टर."

४. म्हणून प्रत ब्लांदीनला. मात्र हे कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. येत्या रविवारी तीन वाजता तिने यावं आणि उजवा कान पियानोकडे करून बसावं. गायलंच पाहिजे असं नाही. या वेळी मी हात उचलणार नाही.

पॅरिस, १४ फेब्रुवारी १९३९
सही: ओदील फॉव्हेल

साक्षीदार:
नोएमी काद्रू, शेजारीण
ब्लांदीन रोशेर (वाचलं. येते. शाल आल्या आल्या खुंटीला अडकवीन.)