मान्साआजींच्या खांद्यावरचा हात

२ जून, सोमवार
संकल्प: आजपासून माझ्या नजरेतून सुटून एकही चूक छपाईला जाणार नाही. मागे शिलाई मशीनच्या जाहिरातीत फ्रिज छापून आला, ती चूक कंपनीची. फ्रिज चांगला दिसत होता. जाहिरात विभागाच्या मॅनेजर मिसेस ब्लँक्सन म्हणाल्या, एबो, फाईल सोडण्याआधी कागदावर काढ आणि कुणाला तरी दाखव. म्हणजे माझ्याहून अधू नजरेच्या माणसाला! कागद फुकट.

४ जून, बुधवार
बायकोची, आराबाची, आजी मान्सा गेली. पिकलं पान, त्यामुळे अंत्यविधीला पांढरे-काळे कपडे, बँड आणि आमच्या पेपरात पूर्ण पान. तपासणार मी! ओटूमामा म्हणजे आजींचे थोरले चिरंजीव, कुळाचे प्रमुख. म्हणाले, जावईबापू, पान झकास झालं तर या वेळी पुढच्या रांगेत आमच्यात बसवतो. लग्न झाल्यापासून प्रत्येक अंत्यविधीला मी जनरेटरशेजारी बसतोय. आता बघाच.

६ जून, शुक्रवार
फोटो आला. आजी छान. पण खांद्यावर कुणाचा तरी हात, मालक कापलेला. हात पुसून टाकला. आजी मोकळ्या झाल्या.

९ जून, सोमवार
बोंबाबोंब. मामा म्हणाले, माझ्या आईच्या खांद्यावरचा माझा हात पुसणारा तू कोण रे टिकोजीराव? त्यांची बहीण, आराबाची मावशी, म्हणाली, तुझा कसला मेल्या, तो माझ्या नवऱ्याचा हात, देव त्यांना सुखी ठेवो, तुझी बोटं म्हणजे रताळी! तासभर भांडले. शेवटी एका गोष्टीवर एकमत: हात परत पाहिजे, अंगठीसकट.

११ जून, बुधवार
हात लावला. अंगठी चमकवली. संगणकात आजी एका थरावर, हात दुसऱ्यावर. हाताची कड नीट दिसावी म्हणून आजींचा थर झाकला आणि नखन् नख तपासलं. अख्ख्या ताकोराडी शहरात असं काम दुसरं कुणी करत नाही. संगणकानेही 'दोष नाही' अशी हिरवी खूण दिली. डब्यातली मक्याची केंकी आणि मासळी गार होत होती, फाईल सोडली. आराबा फोनवर म्हणाली, अहो, एकदा कागदावर काढून आणा, मला आजीला बघू दे. हसलो. बायकांना तंत्रज्ञान कळत नाही.

१२ जून, गुरुवार, सकाळी
पेपर आला. नाव, तारीख, नातवंडं, पतवंडं, सगळं बिनचूक. मधोमध एक हात. आजी नाहीत.
कड मात्र अप्रतिम.

दुपारी
मिसेस ब्लँक्सननी 'हरवले-सापडले'च्या खिडकीवर बसवलं. बढतीआधी अनुभव देत असाव्यात. उद्याच्या अंकातली माफी मी तपासायची नाही म्हणाल्या. माझी दमणूक दिसली असणार.

१४ जून, शनिवार
अंत्यविधी. तोबा गर्दी. रिवाजाप्रमाणे प्रत्येक जण उजवीकडून सुरुवात करून बसलेल्यांशी हस्तांदोलन करत येत होता. पण मामांपाशी रांग अडायची. जो तो त्यांचा हात उलटासुलटा करून बघायचा. एका म्हाताऱ्याने विचारलं, बाळ, हा बरा झाला का? मावशी मागून ओरडली, अहो, तो हा नव्हेच! मामांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं.

मी जनरेटरशेजारी. आराबा पुढच्या रांगेत, मांडीवर आजींचा फोटो घेऊन. रडत होती. फार वाईट वाटलं. उठून जावंसं वाटलं, पण बोलावलं नव्हतं.

रांग माझ्यापर्यंत येईल म्हणून उजवा हात पुढे करून ठेवला होता. लोक माझ्या अलीकडूनच जेवायला वळले.