चूळ आणि घोट

वस्ताद,

घरात आम्ही दोघं भावंडंही तुम्हाला बाबा न म्हणता वस्तादच म्हणायचो, तालमीतली पोरं म्हणायची म्हणून. आई गेल्यावर तर घर आणि तालीम यांच्यात एका भिंतीचाच फरक उरला होता. तुम्हाला जाऊन आता पंधरा वर्षं झाली. एवढ्या काळात मी मंत्र्यांना, महंतांना, संपादकांना जाहीर पत्रं लिहिली, तुम्हाला मात्र एक ओळ लिहिली नाही. आज लिहायला बसले, कारण परवा नांदेडला एक सिनेमा पाहिला.

सिनेमा एका पैलवान घराण्याचा आहे. खरी गोष्ट आहे म्हणतात. बाप वस्ताद आणि दोन मुलं. थोरल्याची मान मोडते. धाकटा बापाच्या हट्टापायी दुखावलेला खांदा घेऊन उतरत राहतो आणि एके दिवशी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडतो तो उठतच नाही. बाप मागे उरतो. तिथल्या एका चित्रपट मंडळानं दुपारी बाराचा खेळ ठेवला होता आणि सिनेमा संपल्यावर मी बोलायचं होतं. पुढच्या तीन रांगांत तालमीतली पोरं बसली होती. पाठमोरी असली तरी ओळखू येतात, मोडलेल्या कानांवरून. मध्यंतरापर्यंत त्यांनी पडद्यावरच्या पैलवानांना एक डाव सुखानं खेळू दिला नाही. "पट काढ की, पट!" एक ओरडतो. शेजारचा म्हणतो, "त्याला ऐकू येऊन राहिलंय का बे?" तिसऱ्याची तक्रार निराळीच. "माती कुठं हाय यात? समदं गादीवर. गादीवर झोपायचं असतंय." सगळी रांग हसली. मीही हसले. ते वाक्य तुमचं होतं, वस्ताद. तुम्हाला कधी न पाहिलेल्या त्या पोराच्या तोंडी ते कुठून आलं कोण जाणे.

मध्यंतरानंतर मात्र हसू आटलं. बाप मुलाचा खांदा दाबून बघतो, मुलगा ओठ चावतो, आणि बाप म्हणतो, काही झालेलं नाही. माझ्या शेजारी इतवाऱ्यातले एक म्हातारे शिंपी बसले होते, जवानीत कुस्त्यांच्या दंगली पाहत गावोगाव फिरलेले. ते माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "बाप नहीं जी, जल्लाद हय ये." मागून एक बाई पुटपुटली, "मेल्याला पोटचं पोर दिसंना व्हय?" पुढच्या रांगेतून आवाज आला, "ह्यालाच उतरवा आखाड्यात." शेवटी तो बाप रिकाम्या आखाड्याच्या कडेला बसून रडायला लागला, तेव्हा कुणीतरी शिट्टी मारली. थट्टेची शिट्टी. आणि कुणी तिला गप्प केलं नाही. मी चाळीस वर्षं लोकांसमोर उभी राहते आहे, जमावाचा राग मला वासावरून कळतो. तो राग खरा होता. दुसऱ्या कुठल्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला असता.

त्या सिनेमात एक बहीण आहे. सबंध सिनेमात तिच्या वाट्याला चार-सहा वाक्यं असतील. ती दूध तापवते, दारात उभी राहते, पंचा पुढे करते. बापाला शिव्या घालणाऱ्या त्या अख्ख्या थिएटरात तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. मी बघत होते.

मग मी बोलले. तेच बोलले, जे उदगीरला बोलले, शिरूर अनंतपाळच्या कॉलेजात बोलले, किल्लारीला शाळेच्या मैदानावर बोलले. माझा भाऊ एकोणीस वर्षांचा होता. लातूरला गादीवरच्या कुस्तीची निवड होती आणि त्याचं वजन दोन किलोनं जास्त भरत होतं. भर मे महिन्यात दोन स्वेटर आणि वर घोंगडं गुंडाळून तो गोदावरीच्या काठानं धावत होता. त्याला तहान लागली, तर माझा बाप म्हणाला, चूळ भर आणि थुंक. त्याच दिवशी दुपारी तो वाळूत पडला आणि गेला. यानंतर मी बापांकडे वळते. घरात ज्याचा शब्द शेवटचा असतो, त्याच्या हातून पहिला खून होतो, असं म्हणते. ते मला आजही खरं वाटतं. या भाषणानंतर बाप माझ्याजवळ येऊन रडलेले आहेत. एकानं मुलाला डॉक्टरकीच्या क्लासमधून काढून घरी आणलं आणि तो मुलगा आज सुखानं रोपवाटिका चालवतो. भाषणानं माणूस वाचतो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

टाळ्या झाल्या. पोरं येऊन पाया पडायला लागली, त्यांना मी नेहमीसारखी रागावले. गर्दी ओसरल्यावर एक माणूस भिंतीला धरून धरून माझ्याकडे आला. दोन्ही गुडघे गेलेले, कान मोडलेले. तुमचा पठ्ठा, आमच्या दादाचा जोडीदार. तुम्हाला शेवटपर्यंत दवाखान्यात नेणारा तोच.

"ताई, लई जोरात बोललाव."

"कसा आहेस?"

"हाय की. गुडघं सोडून समदं चांगलं हाय." मग तो माझ्या चपलांकडे बघत राहिला. "एक शब्द चुकतोय तुमचा. बरीच वर्षं झालं ऐकून राहिलो. वस्ताद चूळ न्हाई म्हणले. घोट म्हणले होते. मी दारात हुतो, जीप चालू हुती."

मी पिशवीचा पट्टा खांद्यावर सारखा केला.

"इसरला असाल," तो म्हणाला. "लई दिस झालं." माझ्यासाठी त्यानं ती वाट काढून ठेवली आणि भिंत धरत निघून गेला.

मी विसरलेले नाही. त्या दिवशी तुम्ही उमरीच्या जत्रेला पंच म्हणून निघाला होता. सकाळचे सात वाजले असतील. हा पठ्ठा तुमची पिशवी घेऊन उभा. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात थांबलात, आत आला नाहीत, कारण पायात चपला होत्या. म्हणालात, "उद्या सकाळी वजन हाय त्याचं. पाणी तोडू नको पार. मागितलं की घोटघोट देत जा. तुझ्यावर सोडून चाललोय." मी सतरा वर्षांची होते. तालमीच्या मातीत मला पाय ठेवायची बंदी होती. दारात बसून मातीत घालायची लिंबं पिळायची, हळद कुटायची, ताक आत द्यायचं, एवढाच माझा तालमीशी संबंध. आणि त्या सकाळी तुम्ही अख्खा पैलवान माझ्यावर सोडून गेलात. तुम्हाला ते साधं वाटलं असेल. मला त्या दिवशी फेटा बांधल्यासारखं झालं.

दादा नऊ वाजता येतो. ओठ पांढरे. "पाणी दे." मी वजनाची वही काढून दाखवते, सकाळी आडत दुकानाच्या काट्यावर बघून आलेला आकडा. अजून सातशे ग्रॅम. मी म्हणते, चूळ भर आणि थुंक. तो हसतो. "वस्ताद परवडले तुझ्यापेक्षा." चूळ भरतो, मी मोरीपाशी उभी राहून तो थुंकतो की नाही ते बघते. साडेअकराला पुन्हा येतो. पुन्हा चूळ. तिसऱ्या वेळी तो मागत नाही, नुसता माठाकडे बघतो, आणि मी माठापुढे उभी राहते. "उद्या जिंकलास की घागर ओतते तुझ्यावर," असं म्हणते. तो म्हणतो, "बरं वस्ताद." मला म्हणतो. मला ते किती आवडलं, हे मी कुठल्या व्यासपीठावर सांगू? मग तो स्वेटर घालतो आणि नदीकडे जातो.

मला त्यानं जिंकायला हवं होतं. तुमच्यापेक्षा जास्त हवं होतं. तुम्ही त्याला मातीत रोज बघत होता, हरताना बघत होता, त्याच्या पाठीची माती तुम्ही स्वतःच्या हातानं झाडत होता. मला नुसता भिंतीपलीकडून आवाज यायचा. ती एक कुस्ती माझ्या हातात आली होती आणि मी ती तुमच्याहून कडक लढवायला गेले. घोट म्हणजे लाड, चूळ म्हणजे मेहनत, असं माझ्या डोक्यानं ठरवलं. कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या लोकांत सांगावंही लागत नाही.

तेराव्यानंतर तुम्ही स्वयंपाकघरात आलात. त्या दिवशी चपला काढून आत आलात आणि पाटावर बसलात. "किती दिलं होतंस गं पाणी?" मी पीठ मळत होते. म्हणाले, "तुम्ही सांगितलं तेवढंच." तुम्ही परातीकडे बघितलं. मग म्हणालात, "पीठ सैल झालंय." आणि उठून गेलात. त्या संध्याकाळी चुलते आले, पंच आले, कुणीतरी विचारलंच. तेव्हा तुमचा आवाज मी आतून ऐकला. "मीच पाणी तोडलं होतं त्याचं." एवढंच. जो तो तुम्हाला बोलून गेला. तुम्ही कुणाला उलट बोलला नाहीत, आणि मी आतून बाहेर आले नाही.

पुढे मी शिकले, वाचलं, बोलायला लागले. पहिल्या वक्तृत्व स्पर्धेला तुम्हीच तालीम घेतली होती. विषय तुम्हाला कळत नव्हता. "शब्द तुझं तू बघ," म्हणालात, "पण आधी पाय रोव. ज्याचा पाय हलतो त्याचं खरं असलं तरी पडतो." एका इनामात मिळालेली शाल तुम्ही मला दिलीत, भाषणाला अंगावर घ्यायला. तीच शाल पांघरून मी पहिल्यांदा ती गोष्ट सांगितली, 'चूळ' हा शब्द तुमच्या तोंडी घालून. आधी वाटलं, एकदाच. माझ्या नावावर तो शब्द घेतला असता तर ती एका मुलीची चूक ठरली असती, आणि मला तर सत्तेबद्दल बोलायचं होतं. असं मी स्वतःला पटवलं. पटवण्यात मी हुशारच होते.

आणि लातूर. वाचनालयाचं सभागृह. तुम्ही येणार हे मला ठाऊक नव्हतं. शेवटच्या रांगेत पांढरा फेटा दिसला तेव्हा मी नदीच्या काठापर्यंत पोचले होते. मागे फिरता आलं असतं. वक्त्याला कुठूनही फिरता येतं. मी फिरले नाही. तुमच्या डोळ्यांदेखत म्हटलं, माझा बाप म्हणाला, चूळ भर आणि थुंक. लोकांनी माना वळवल्या नाहीत, त्यांना कुठं ठाऊक होतं तो बाप मागे बसलाय. नंतर आपण एसटी स्टँडवर चहा घेतला. तुम्ही बशीत ओतून प्यालात. मी वाट बघत होते, तुम्ही आता बोलाल, मला भर स्टँडवर शिव्या द्याल. मला ते हवंही होतं. तुम्ही म्हणालात, "आवाज चांगला लागला. पाय अजून हलतोय तुझा." मग नांदेडची गाडी लागली आणि तुम्ही खिडकीची जागा धरायला उठलात. त्याच वर्षी तुम्ही गेलात.

आता रविवारी लातूरला हाच सिनेमा आहे, त्यानंतर माझं भाषण. आज सकाळी संयोजकांचा फोन होता. "ताई, नांदेडला म्हणे लोकांनी बापाला लई शिव्या घातल्या. लातूरलाबी तसंच पेटलं पाहिजे." मी म्हटलं, बघू. ते म्हणाले, "बघू काय, तुमचं ते चुळीचं सांगा. लोक त्याच्यासाठीच येतात." मी फोन ठेवला. खरं सांगितलं तर काय होईल, याचा हिशेब मी दिवसभर मांडते आहे. ज्या बापांनी मुलांवरचा हट्ट सोडला, त्यांना वाटेल हिनं आपल्याला खोटं सांगून फसवलं. विरोधक वर्षभर नाचतील. आणि ते सगळं सोसूनही तुम्हाला त्यातलं काही ऐकू येणार नाही. हे शेवटचं मला सर्वांत जड जातं. ज्याची माफी मागायची तो उठून गेला, आणि उरलेल्या सभेला माफीची गरज नाही, तिला गोष्ट हवी आहे.

तरी रविवारी 'घोट' म्हणायचं असं ठरवलं आहे. तुमचं वाक्य तुमचं, माझं माझं. ठरवलं आहे, एवढंच आज म्हणू शकते.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं हा प्रश्नच नाही, ते इथंच राहील. पण लिहून झाल्यावर मी ते उभी राहून मोठ्यानं वाचलं, रविवारची तयारी म्हणून. घरात माझ्याशिवाय कुणी नाही. 'मी माठापुढे उभी राहते' या वाक्यापाशी आले आणि आपसूक थांबले. टाळ्यांना लागते तेवढी जागा सोडून मग पुढचं वाक्य वाचलं.