निवळीतला श्वास

बाई,

तुमची बाटली अजून माझ्याकडेच आहे, हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून "मुद्द्याचं बोल" म्हणणार नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी स्वतः निवृत्तीला टेकले, तरी त्या चष्म्याचा धाक काही गेलेला नाही. तुम्ही मला एक काम सांगितलं होतं. ते मी इतकी वर्षं टाळलं आणि गेल्या रविवारी केलं. केलं म्हणजे, त्याला केलं म्हणायचं की नाही, तेच मला कळेनासं झालंय.

आठवीचा वर्ग. सदाशिव पेठेतली आपली शाळा, प्रयोगशाळेच्या खिडक्या रस्त्याकडे, खाली पानाची गादी. तिथूनच तुम्ही पुडीत चुना आणायचात आणि आदल्या दिवशी बादलीत कालवून ठेवायचात. सकाळी चुना तळाशी बसलेला आणि वर नितळ पाणी, म्हणजे चुन्याची निवळी. आम्ही घरून काचेच्या बाटल्या आणलेल्या, निम्म्या खोकल्याच्या औषधाच्या, कितीही धुतल्या तरी वास न गेलेल्या. तुम्ही प्रत्येकीच्या बाटलीत निवळी ओतता, हातात नळी देता आणि म्हणता, "फुंका. हळू. सनई वाजवायची नाहीये." बाकीच्या शाळांत हा प्रयोग एकदा दाखवतात आणि मोरीत ओतून देतात. तुम्ही ओतू द्यायचा नाहीत. निवळी दुधाळ झाली की बूच, बुचावर मेण, वर तुमच्या अक्षरात नावाची चिठ्ठी, आणि बाटल्या वर्षभर खिडकीतल्या फळीवर. "हवेत होता तोवर हा श्वास कोणाचाच नव्हता. आता तुमचा आहे. सांभाळा," असं तुम्ही म्हणायचात.

माझ्या शेजारी तुमची मुलगी बसायची. वर्गात तीही तुम्हाला बाईच म्हणायची. एकदा चुकून तोंडातून "आई" निघून गेलं, तर तुम्ही पुस्तकातून मान वर न करता म्हणालात, "इथे कोणाची आई नाही. बसा." ती इतकी हसली की तिला खरंच खाली बसावं लागलं. त्या दिवशी तिची निवळी एका फुंकरीत छान पांढरी झाली. मी मात्र तिच्यापेक्षा जास्त पांढरी करायच्या नादात फुंकतच राहिले, आणि बघता बघता माझी बाटली परत पाण्यासारखी स्वच्छ. मला वाटलं काहीतरी थोर घडलं. तुम्ही बाटली उजेडाकडे धरलीत आणि म्हणालात, "जास्त फुंकलं की बसलेलं सगळं परत विरघळतं. दिसायला स्वच्छ, आत भरलेलं. थांबायचं कुठे हे घरी शिकवत नाहीत वाटतं तुमच्याकडे." सगळा वर्ग हसला. ती माझ्या कानात म्हणाली, "तुझा श्वास वाया गेला, आता माझ्यातला घे." फळीवर माझी बाटली लागलीच नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तिला ताप आला आणि तो मेंदूत गेला. शाळा उघडली तेव्हा बाकावर तिची जागा रिकामी होती आणि फळीवर तिची बाटली जागच्या जागी. आम्ही मुली त्या खिडकीकडे बघायचं टाळायचो. दप्तर नाही, आवाज नाही, ती कुठेच नाही, आणि श्वास मात्र तिथे उन्हात बसलेला, तळाशी, पांढरा. फळी झाडायला कोणी तयार होईना. मग तुम्ही परत आलात, फळा पुसलात आणि राहिलेला धडा जिथे थांबला होता तिथून सुरू केलात. मला तेव्हा तुमचा फार राग आला होता. वर्ष संपल्यावर सगळ्यांनी आपापल्या बाटल्या घरी नेल्या. तिची तुम्ही नेलीत.

ती बाटली मला पुन्हा दिसली ती तुमच्या स्वयंपाकघरात, चहा-साखरेच्या डब्यांच्या रांगेत. तुम्ही तेव्हा शाळेतून निवृत्त झाला होतात, एकट्याच होतात, आणि मी हवेतला कर्बवायू काढून घ्यायच्या संशोधनात नुकती पडले होते. तुम्ही आधण ठेवता ठेवता विचारलंत, "करतेस काय नक्की? सोपं करून सांग, मी शास्त्राची शिक्षिका आहे." मी सांगितलं की हवा चुन्यावरून न्यायची, चुना वायू धरतो, मग चुना बंद भट्टीत तापवून तो वायू वेगळा काढायचा, पाण्यात विरघळवून खाली काळ्या दगडात सोडायचा, तिथे त्याचाही दगड होतो. तुम्ही म्हणालात, "म्हणजे माझी निवळीच की." मी म्हटलं, "हो, फक्त मोठी करायचीय." "किती मोठी?" "खूप. देशाच्या धोरणात येईल इतकी." तुम्ही चहा गाळलात. "आणि फुंकणारे? ते थांबणारेत, की तुम्ही आलात म्हणून आणखी जोरात फुंकणारेत?" मी बिस्कीट खाल्लं.

मग तुम्ही ती बाटली उचललीत आणि अलगद हलवलीत. तळाचं पांढरं ढगासारखं वर आलं. "रोज सकाळी एकदा हलवते," तुम्ही म्हणालात, "मग दिवसभर खाली बसत राहते. घरात कोणीतरी आहे असं वाटतं." आणि लगेच, मी काही बोलायच्या आत, "आत्माबित्मा मी मानत नाही, तसलं तोंड करू नकोस. पण अस्थी यांनी नदीत सोडल्या, हे तेवढं राहिलं. हल्ली वाटतं, कोंडून ठेवलंय मी तिला. मी गेले की लिंबू पिळ आणि सोड. घरात नको, गॅलरीत. वारा बघून." मी म्हटलं, तुम्हीच का नाही सोडत. तर म्हणालात, "मला जमलं असतं तर तुला चहाला बोलावलं असतं का?" मी शब्द दिला. तुम्ही गेल्यावर बाटली माझ्याकडे आली, आणि मी ती कोथरूडच्या फ्लॅटमध्ये पुस्तकांच्या कपाटात ठेवून दिली. लिंबं घरात रोज असतात, बाई. पण ते पांढरं विरघळलं की ती कुठेच उरणार नाही, या विचाराने हात पुढे व्हायचा नाही.

आता आमचं काम टेबलावर मावत नाही. शहराबाहेर एक बंद पडलेली दगडाची खाण आहे, तिच्या पोटात भिंतीएवढे पंखे आणि त्यांच्यामागे चुन्याच्या ताटांच्या उतरंडी. समोर उभं राहिलं की ओढणी पुढे खेचली जाते आणि बोललेलं आपल्याच कानापर्यंत नीट येत नाही. हवा आत जाते, बाहेर येते, पण आत जाताना जे असतं ते सगळं बाहेर येत नाही, आणि हे डोळ्यांना दिसत नाही, फक्त सकाळी ताटं जड झालेली असतात. खाणीत पूर्वी पारवे होते, आता येत नाहीत. पहाऱ्याला एक बाई आहे, चंद्रपूरकडची, नवऱ्यामागे कामाला पुण्यात आलेली. ती पंख्यांकडे कधी तोंड करून बसत नाही. एके दिवशी मला म्हणाली, "मॅडम, हे मशीन साऱ्यायचाच श्वास ओढते का जी? जे गेले, त्यायचा बी?" मी हसून म्हटलं, अहो, हवेत कोणाचं नाव लिहिलेलं नसतं. उत्तर बरोबर होतं. पण गाडीत बसल्या बसल्या मी काचा वर केल्या.

श्वासाने हवा तापत नाही, धुराने तापते, हे मला झोपेतही सांगता येईल. चुन्याला मात्र यातला फरक कळत नाही. कारखान्याचा धूर, स्वारगेटच्या बसचा धूर, स्मशानातला धूर, सगळ्याचा तो सारखाच पांढरा दगड करतो. आणि हे नीट कळल्यापासून ती बाटली मला स्वस्थ बसू देईना. खरं सांगायचं तर बाटलीच स्वस्थ बसेना. शेजारच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट सुरू झालं, दिवसभर धडाड धडाड, आणि सकाळी बघावं तर निवळी दुधाळ, जणू कोणीतरी आत्ताच फुंकलंय. हादऱ्याने तळाचं वर येणारच, त्यात काय. आमचे हे तर चहाच्या वेळी कपाटाकडे बघून म्हणायचे, "तुझी मैत्रीण उठली गं." मग गणपतीत ते काम बंद पडलं. मजूर गावी गेले, यंत्रं झाकून ठेवली, रस्ता शांत. निवळी तरीही रोज सकाळी दुधाळच. यांनी थट्टा थांबवली नाही. मी मात्र कपाटाला पाठ करून बसायला लागले, त्या पहारेकरीण बाईसारखी.

मग एक बैठक झाली. राज्याच्या धोरणाचा मसुदा, त्यात आमच्यासारखी केंद्रं किती आणि कुठे उभी करायची हे ठरायचं होतं. उद्योजकांच्या बाजूने आलेले एक गृहस्थ फार गोड बोलले. "मॅडम, तुम्ही हवं तेवढं मोठं करा, आमचा पाठिंबा आहे. तुम्ही काढताय म्हटल्यावर आमच्या भट्ट्या घाईने बदलायची गरज नाही, एवढंच त्यात लिहा." मी त्यांना माझी आठवीतली बाटली सांगितली. म्हटलं, जास्त फुंकलं की निवळी परत स्वच्छ दिसते, होत नाही. जे थांबवता येतं ते आधी थांबवा, आणि त्याचा हिशेब वेगळा मांडा. आमचं यंत्र आहे ते जे थांबवताच येत नाही त्याच्यासाठी, आणि आधीच्या लोकांनी जे वर सोडून ठेवलंय त्याच्यासाठी. गृहस्थांचं हसू मावळलं. तुम्हाला ते बघायला आवडलं असतं. त्यांचं वाक्य मसुद्यात गेलं नाही. मग टेबलाच्या टोकाचा एक अधिकारी म्हणाला, "ते ठीक आहे. पण खाली घातलेलं परत वर येणार नाही, याची जबाबदारी कोणाची?" मी म्हटलं, "माझी. जे बांधलं ते बांधलेलंच राहील." सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मला माझं कपाट आठवलं.

रविवारी दुपारी हे झोपले होते. पुण्याची दुपार तुम्हाला काय सांगायची, एक ते चार माणसं असून नसल्यासारखी. सोसायटीत एक दार वाजत नव्हतं. मी बाटली काढली तर ती त्या दिवशी अगदी निवळलेली, सगळं पांढरं तळाशी, वर पाणी नितळ. वाट बघत असल्यासारखी. मी ती गॅलरीत नेली, मेण खरवडलं, बूच काढलं. वास काहीच नाही. लिंबू पिळलं, काही झालं नाही, कारण आधी पाण्यातला चुना लिंबू पिऊन टाकतो, हे तुम्हीच शिकवलेलं. दुसरं पिळलं. मग तळातून बारीक बुडबुडे सुटले, एकामागे एक, आणि एक सूं असा आवाज, कान लावला तरच ऐकू येणारा. तो आवाज मी ओळखला, बाई. आठवीनंतर मी तो आवाज ऐकला नव्हता, कानात काही सांगायच्या आधी ती श्वास घ्यायची तो.

वारा होता. सोडायचं तेवढंच बाकी होतं. पण त्या क्षणी मला खाणीतले पंखे दिसले. आज सोडली तर आज ना उद्या ती फिरत फिरत माझ्याच यंत्रासमोर येणार, मीच तिला चुन्यात धरणार, भट्टीत घालणार आणि अंधारात दगडात गाडणार, आणि परत वर येणार नाही याची हमी तर मी देऊनच बसलेय. मी बाटलीला तोंड लावलं आणि जे वर येत होतं ते आत ओढून घेतलं. आंबट, थंड. छाती भरली आणि मी श्वास धरून उभी राहिले. डोळ्यांपुढे काळं यायला लागलं. स्वयंपाकघरात कामावरून आणलेल्या निवळीचा चंबू असतो, मी धावत आत गेले, ग्लासात ओतली, नळी घातली आणि फुंकलं. हळू. पहिल्यांदा पांढरं झालं तिथेच थांबले, बाई. या वेळी बरोबर थांबले. मग बाटली धुऊन ते परत तिच्यात भरलं, बूच लावलं, मेण लावलं, आणि जमिनीवर बसून खूप रडले.

तेव्हा तुमचा शब्द मी पाळला असं म्हणता येईल, लिंबू पिळलं, गॅलरीत पिळलं, वारा बघून पिळलं. तुम्ही मात्र उजेडाकडे धरून बघाल आणि पुढचं ऐकणारच नाही. हे पत्र मी कुठे टाकणार नाहीये, टाकायला जागाही नाही, बाटलीखाली घडी करून ठेवीन. एकच राहिलं. सोमवारी सकाळी यांनी चहाचा कप उचलला, कपाटाकडे पाहिलं आणि नेहमीसारखं म्हणाले, "आज दोघी उठल्यात." मी विचारलं, दोघी कोण? तर म्हणाले, "कोण दोघी? मी एकच म्हणालो." तिच्याबरोबर माझाही श्वास आत गेलाय हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं, अजूनही नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय, आणि तेही, मला एकटीला भीती वाटते म्हणून.